आकडे आणायचे कुठून?

*यंत्रांच्या फायली तयार करणारी एक जुनी आज्ञा आणि तिच्या माहितीपत्रकातली रिकामी जागा*

सोयाबीन निघायला लागलं की कळंबच्या मोंढ्यात आडतींपुढं वाहनांची रांग लागते. कट्टे इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात, वजनाचा आकडा वायरीतून संगणकात जातो आणि पट्टी छापून बाहेर येते. समजा, अशा गर्दीत लाईट गेली. इन्व्हर्टर लगेच लागला, संगणक बंदही पडला नाही. काट्यावरचे आकडे एकदा विझून पुन्हा पेटले, एवढंच. पण आता पट्टीवर वजन येत नाही. वायर जागेवर आहे, काटा चालू आहे, संगणक चालू आहे, आणि प्रोग्राम मात्र हटून बसलाय की काटा सापडत नाही. कुणीतरी वायर काढून शेजारच्या खाचेत खुपसतो. तरी नाही. शेवटी संगणक बंद करून सुरू केला की सगळं सुरळीत.

विंडोजवर हाच घोळ वेगळ्या रूपात भेटतो. काल 'कॉम ३' असलेला काटा दुसऱ्या खाचेत लावला की 'कॉम ५' होतो. लिनक्सवर 'टीटीवाययूएसबी०' या नावाचा काटा 'टीटीवाययूएसबी१' होतो. यंत्र तेच, वायर तीच, मग नाव का बदलतं? आणि यंत्राला नाव देतं कोण? याचं उत्तर पन्नास वर्षांहून जुन्या एका कल्पनेत आहे. त्या कल्पनेतून एक छोटी आज्ञा जन्माला आली, एमकेनोड. तिच्यावरची माहिती आजवर इतकी तुटक लिहिली गेली की तिच्यापायी भल्याभल्यांनी डोकं धरलं आहे.

सगळं काही फाईल

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. तेव्हा प्रत्येक यंत्राशी बोलायची पद्धत निराळी असे. टेप वाचायची तर एक तऱ्हा, प्रिंटरवर लिहायचं तर दुसरी, आणि नवं यंत्र आलं की जुने प्रोग्राम बदलायचे. युनिक्सनं यावर साधा तोडगा काढला. यंत्र कोणतंही असो, ते प्रोग्रामला फाईल म्हणूनच दिसेल. फाईल उघडायची, वाचायची, लिहायची, बंद करायची. चार क्रिया, आणि सगळ्या यंत्रांना त्याच. खरं काम कसं करायचं ते प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बघेल. त्या गाभ्यात प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी एकेक तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

या फायली एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा रिवाज पडला: /डेव्ह. लिनक्सनं तो जसाच्या तसा उचलला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, त्यामुळे तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही /डेव्ह आहे आणि त्यात अशा फायलींची भली मोठी यादी आहे. ती कुणाला दिसत नाही, दिसायची गरजही नसते.

काट्याकडून वजन घेणारा प्रोग्राम प्रत्यक्षात एक फाईल वाचत असतो. काट्याच्या मागं बहुधा नऊ पिनांचं जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट असतं. नव्या संगणकांना ते नसतं, म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. कन्व्हर्टर लागला की लिनक्स /डेव्हमध्ये 'टीटीवाययूएसबी०' ही फाईल उभी करतं आणि प्रोग्राम ती उघडतो.

नोंद म्हणजे जमीन नव्हे

नवख्याचा पाय इथंच पहिल्यांदा घसरतो. 'फाईल' म्हटलं की तिच्यात काहीतरी साठवलेलं असणार असं वाटतं. डिव्हाइस फाईलमध्ये काहीही साठवलेलं नसतं. ती सातबाऱ्यासारखी असते. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, जमिनीची नोंद. त्यावर गावाचं नाव आणि गट नंबर असतो. त्या दोन गोष्टींवरून शिवारातला नेमका तुकडा सापडतो. डिव्हाइस फाईलवरही असेच दोन आकडे असतात. पहिला मेजर क्रमांक. त्यावरून कोणता ड्रायव्हर हे कळतं, म्हणजे झालं गाव. दुसरा मायनर क्रमांक; त्या ड्रायव्हरच्या ताब्यातलं कितवं यंत्र हे त्यावरून कळतं, म्हणजे गट नंबर.

लिनक्सच्या संगणकावर /डेव्हमधल्या फायलींची तपशीलवार यादी काढली तर हे डोळ्यांनी दिसतं. साध्या फाईलच्या ओळीत ती किती बाइटची आहे तो आकडा असतो. डिव्हाइस फाईलच्या ओळीत त्याच जागी स्वल्पविराम देऊन दोन आकडे असतात. /डेव्ह/नल या फाईलपुढं १, ३. पहिल्या हार्ड डिस्कपुढं ८, ०. त्या डिस्कच्या पहिल्या भागापुढं ८, १.

ओळीच्या अगदी सुरुवातीला एक अक्षरही असतं, सी किंवा बी. 'सी' म्हणजे कॅरेक्टर जातीचं यंत्र. कीबोर्ड, काटा, सिरियल पोर्ट अशी, ज्यांच्याकडून माहिती ओघानं, एकामागून एक अक्षर अशी येते. 'बी' म्हणजे ब्लॉक जातीचं. डिस्क, पेनड्राइव्ह अशी, जिथं माहिती ठरावीक मापाच्या तुकड्यांत राहते आणि हवा तो तुकडा आधी वाचता येतो. या दोन जातींच्या क्रमांकांच्या वह्या वेगळ्या आहेत. सी जातीत १, ३ म्हणजे नल. बी जातीत १, ३ म्हणजे मेमरीतच तयार केलेली एक तात्पुरती डिस्क. एक अक्षर चुकलं की आकडे बरोबर असूनही भलत्याच गावाला पोचायचं.

> चौकट: लिनक्समधले काही ठरलेले क्रमांक
>
> नल (दिलेलं सगळं गिळून टाकणारी): सी, १, ३
> झिरो (शून्यांचा अखंड ओघ देणारी): सी, १, ५
> यूरँडम (यादृच्छिक आकडे देणारी): सी, १, ९
> पहिलं जुनं सिरियल पोर्ट: सी, ४, ६४
> कन्सोल: सी, ५, १
> पहिला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर: सी, १८८, ०
> पहिली डिस्क: बी, ८, ०
> दुसरी डिस्क: बी, ८, १६

दुसऱ्या डिस्कचा मायनर क्रमांक १ नसून १६ का, हे चाणाक्ष वाचकाला खटकलं असेल. एका डिस्कसाठी १६ मायनर क्रमांक राखून ठेवले आहेत: एक आख्ख्या डिस्कला आणि उरलेले १५ तिच्या भागांना. कारण जुन्या लिनक्समध्ये क्रमांकांची चणचण होती. मेजरला ८ बिट, मायनरला ८ बिट, म्हणजे दोन्हीकडे प्रत्येकी २५६ च आकडे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीनं ही मर्यादा मोडली. आता मेजरला १२ बिट आणि मायनरला २० बिट आहेत, म्हणजे एकेका ड्रायव्हरच्या हाताखाली दहा लाखांवर यंत्रं नोंदवता येतात.

सांगाल ते लिहून देणारी आज्ञा

ही नोंद करणारी आज्ञा म्हणजे एमकेनोड. १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आली. तिला चार गोष्टी सांगायच्या: फाईलचं नाव, जातीचं अक्षर, मेजर, मायनर.

एमकेनोड /डेव्ह/नल सी १ ३

इतकंच. ही आज्ञा काहीही तपासत नाही. त्या क्रमांकाचा ड्रायव्हर गाभ्यात आहे का, यंत्र जोडलेलं आहे का, नाव आणि आकडे यांचा मेळ आहे का, यातलं काही ती विचारत नाही. 'काटा' नावाच्या फाईलला बी, ८, ० असे आकडे दिले तरी ती निमूट लिहून देते. मग कुणी त्या 'काट्या'वर काही लिहायला गेलं तर ते हार्ड डिस्कच्या पहिल्या बाइटपासून लिहिलं जातं आणि संगणक पुन्हा सुरू होणं अवघड. म्हणून यंत्राची फाईल बनवायला ही आज्ञा फक्त रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच चालवता येते. साध्या वापरकर्त्याला ती मोकळी दिली तर तो स्वतःच्या फोल्डरमध्ये आख्ख्या डिस्कची नोंद करून दुसऱ्यांच्या फायली खुशाल वाचेल. पेनड्राइव्ह जोडताना 'यावरच्या डिव्हाइस फायली मानू नका' अशी सूचना प्रणालीला देण्याची सोय आहे, तीही याच धास्तीनं.

आता खरा प्रश्न. आज्ञा कशी लिहायची हे कळलं. पण ते आकडे आणायचे कुठून?

पानावर जे नव्हतं

युनिक्समध्ये प्रत्येक आज्ञेचं एक माहितीपान असतं, त्याला मॅन पेज म्हणतात. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीतलं एमकेनोडचं पान जेमतेम काही ओळींचं आहे. नाव द्या, बी किंवा सी द्या, दोन आकडे द्या, असं ते सांगतं. आकड्यांबद्दल म्हणतं की मेजर क्रमांक प्रत्येक प्रणालीत वेगळे असतात, आणि ते प्रणालीच्या मूळ कोडमधल्या कॉन्फ.सी या फाईलमधून उकरून काढावे लागतात.

या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हरकत नाही. पण हे पान वाचणारा माणूस बेल प्रयोगशाळेत बसलेला आहे, मूळ कोड त्याच्या शेजारच्या टेबलावर आहे, असं त्यात गृहीत धरलं होतं. पुढं युनिक्स विकत मिळू लागलं, तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइकांना मूळ कोड मिळतच नव्हता. त्यांच्यासाठी ही सूचना बिनकामाची होती.

लिनक्सचं कोड सगळ्यांना खुलं, शिवाय क्रमांकांची एक अधिकृत यादीही ठेवली गेली. एच. पीटर अॅन्विन यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. वरची चौकट त्याच यादीतली. पण यादी होती गाभ्याच्या कागदपत्रांत आणि आज्ञेचं पान होतं दुसऱ्याच प्रकल्पाकडं. लिनक्सवर आपण वापरतो ती एमकेनोड ग्नू प्रकल्पाची आहे, डेव्हिड मॅकेन्झी यांनी लिहिलेली. तिच्या पानावर आकडे कसे द्यायचे हे आहे, कोणते द्यायचे याची दिशा नाही.

असं का झालं याचं कारण बघण्यासारखं आहे. ग्नूच्या ज्या संचात ही आज्ञा येते, त्यातली मॅन पेजं कुणी बसून लिहीत नाही. आज्ञेला 'मदत' म्हणून विचारल्यावर ती जे चार शब्द छापते, त्यावरून एक प्रोग्राम ते पान आपोआप तयार करतो. सविस्तर माहिती 'इन्फो' नावाच्या वेगळ्या पुस्तिकेत असते आणि पानाच्या तळाशी तिच्याकडं बोट दाखवलेलं असतं. म्हणजे मदतीच्या चार ओळींत जे मावलं नाही ते पानावर येतच नाही. अडलेला माणूस आधी मॅन पेज उघडतो, आणि तिथं त्याच्या हाती लागतो तो सारांश.

त्या सारांशातही खाचखळगे आहेत. पानाच्या माथ्यावरची ओळ म्हणते की ही आज्ञा ब्लॉक किंवा कॅरेक्टर जातीच्या खास फायली बनवते. प्रत्यक्षात ती तिसरीही एक चीज बनवते, 'पी' अक्षरानं. तिला नामधारी पाइप म्हणतात. एका प्रोग्रामनं तिच्यात लिहायचं आणि दुसऱ्यानं त्याच क्रमानं वाचायचं. तिला मेजर-मायनर लागत नाहीत. किंबहुना द्यायचेच नाहीत. माथ्यावरच्या ओळीत तिचा पत्ता नाही. गंमत अशी की सगळ्या युनिक्स प्रणालींवर खात्रीनं सारखी वागेल अशी एमकेनोडची एकमेव करामत हीच. पॉझिक्स हे सामाईक मानक गाभ्यातल्या याच नावाच्या सेवेची हमी फक्त पाइपपुरतीच देतं. आणि त्या सेवेचं लिनक्समधलं पान लगेच पुढं बजावतं की पाइपसाठी ती वापरूच नका, त्यासाठी वेगळी सोय आहे. जी गोष्ट सगळीकडं चालते ती करू नका, आणि जी करायला आलात ती सगळीकडं चालेल याची हमी नाही! असं पान वाचून माणसानं काय समजायचं?

मग 'यू' हे अक्षर. ते 'सी'च्या शेजारी दिलेलं आहे आणि दोघांचा अर्थ एकच आहे. नवखा मात्र काहीतरी फरक असणार म्हणून शोधत बसतो. आकडा शून्यानं सुरू केला तर तो अष्टमान पद्धतीनं वाचला जातो, म्हणजे नीटनेटकं दिसावं म्हणून कुणी ०१० लिहिलं तर दहाऐवजी आठ धरला जातो. हे पानावर लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण चुकीची फाईल तयार करून झाल्यावरच माणसाची नजर तिथवर पोचते.

त्यात भर म्हणजे एमकेनोड नावाची पानंच एकाहून जास्त आहेत. पुस्तिकेचे क्रमांकित भाग असतात. पहिल्या भागात आज्ञा, दुसऱ्यात गाभ्याकडं थेट मागायच्या सेवा, आठव्यात प्रणाली सांभाळणाऱ्यांची अवजारं. एमकेनोड ही आज्ञाही आहे आणि त्याच नावाची गाभ्याची सेवाही. वर पाइपबद्दलचा जो इशारा सांगितला तो दुसऱ्या भागातल्या पानावर आहे. पहिल्या भागातलं पान वाचणाऱ्याला तो दिसणारच नाही.

एक वाक्य आणि त्यामागचा इतिहास

दुसऱ्या भागातल्या त्या पानावर आणखी एक सूचना आहे: लिनक्समध्ये या सेवेनं फोल्डर बनवता येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, यंत्राच्या फाईलची सेवा वापरून फोल्डर बनवायला जाईल कोण? पण एके काळी सगळेच जात. जुन्या युनिक्समध्ये फोल्डर बनवायची स्वतंत्र सेवाच नव्हती. एमकेडिर ही आज्ञा रूटच्या अधिकारानं चालायची, आधी एमकेनोड सेवेनं रिकामं फोल्डर उभं करायची, आणि नंतर त्याची मालकी मागणाऱ्याच्या नावावर करायची.

या दोन पायऱ्यांच्या मधे क्षणभराची फट होती. संगणक कामानं दबलेला असताना एखादा लबाड वापरकर्ता त्या फटीत नवं फोल्डर काढून त्या जागी, त्याच नावानं, पासवर्डांच्या फाईलची जोडणी लावून द्यायचा. आज्ञा दुसऱ्या पायरीला यायची आणि भोळेपणानं पासवर्डांच्या फाईलची मालकी त्याच्या हवाली करायची. पहिल्या पायरीची नोंद एका वस्तूची आणि फेरफार दुसरीवर. १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीनं फोल्डर बनवायची वेगळी सेवा आणली. ती दोन्ही कामं एका दमात करते, त्यामुळे फट उरली नाही.

यातलं काही आजच्या पानावर नाही. उरलं आहे ते एक कोरडं वाक्य. इशारा टिकला, कारण गळालं. माझ्या मते कागदपत्रांचा हा दोष चुकीच्या माहितीपेक्षाही चिवट असतो, कारण चूक कुणीतरी दाखवून देतो. इथं दाखवायला चूक नसते.

मेकडेव्ह: चिठ्ठीवर चिठ्ठी

आकडे पाठ करणं कुणालाच जमणारं नव्हतं, म्हणून मेकडेव्ह ही छोटी आज्ञावली आली. ती /डेव्हमध्येच पडलेली असे. तिला यंत्राचं नाव सांगितलं की योग्य आकडे घालून ती एमकेनोड चालवी. सोय मोठी होती. पण माहितीपत्रकाचा प्रश्न एक पायरी पुढं सरकला, एवढंच झालं. बर्कली युनिक्समधल्या तिच्या पानावर बिघाड झाल्यास काय करावं याचं उत्तर थोडक्यात असं होतं: संदेश आपापलं बोलतील, नाही समजलं तर आज्ञावली एकेक ओळ दाखवत चालवा आणि स्वतः बघा.

लिनक्सवरच्या मेकडेव्हच्या पानावर मात्र एक टीप आहे, जिच्यासाठी मी बाकीचं पान माफ करायला तयार आहे. यंत्र उघडताना 'अशी फाईल किंवा फोल्डर नाही' असा संदेश आला तर सहसा डिव्हाइस फाईलच नाही असं समजावं. 'असं यंत्र नाही' असा आला तर फाईल आहे, पण गाभ्यात तिचा ड्रायव्हर बसवलेला नाही. पहिल्या वेळी सातबाराच निघालेला नाही. दुसऱ्या वेळी उतारा हातात आहे, पण त्यावरचं गाव नकाशावर नाही. दोन्ही संदेश इंग्रजीत जवळपास सारखे दिसतात आणि माणूस घाईत दोन्हींचा अर्थ 'चालत नाही' असाच करतो. पण पहिल्यावर फाईल बनवायची असते, दुसऱ्यावर ड्रायव्हर बसवायचा असतो. हा फरक कळला की अर्धं निदान झालं.

आपल्याकडं महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची बरीच मुलं युनिक्स शिकली ती मॅन पेज वाचून नव्हे, तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'युनिक्स शेल प्रोग्रामिंग'सारख्या पुस्तकांतून. गाभ्यात काय चालतं हे ज्यांना खोलात हवं ते मॉरिस बाख यांच्या १९८६ च्या ग्रंथाकडं वळत. मॅन पेज हा आठवण करून देणारा कागद आहे, शिकवणारा नव्हे. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते पान कळतं. हे मान्य करून चाललं तर राग कमी येतो.

नल पुसली गेली तर

एक प्रसंग जवळून बघू. /डेव्ह/नल ही फाईल तिच्यात टाकलेलं सगळं गिळून टाकते. नको असलेले संदेश फेकायला शेकडो प्रोग्राम ती वापरतात. रूटच्या अधिकारानं चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामला कुणी 'निकाल नलमध्ये लिही' म्हणून सांगितलं, आणि काम फसल्यावर आपली अर्धवट फाईल पुसायची त्याची सवय असली, तर तो नलच पुसून टाकतो.

पुढं काय होतं बघा. कुठलाही दोषसंदेश येत नाही. रूटचा दुसरा प्रोग्राम नलमध्ये लिहायला जातो, त्याला त्या नावाची फाईल दिसत नाही, म्हणून तो साधी फाईल तयार करतो. आता कचरा गिळला जात नाही, साठतो. फाईल फुगत जाते. यादीत बघितलं तर ओळीच्या सुरुवातीला सी ऐवजी आडवी रेघ, आणि दोन आकड्यांच्या जागी मोठी थोरली बाइटसंख्या. हीच ओळखायची खूण.

उपाय सोपा: साधी फाईल पुसायची आणि एमकेनोड चालवायची. पण वर दिलेली ओळ जशीच्या तशी चालवली तर नवाच त्रास उद्भवतो. नवी फाईल बनताना प्रणाली परवानग्यांना कात्री लावते; ६६६ च्या जागी सहसा ६४४ उरतात, म्हणजे वाचायला सगळे, लिहायला फक्त रूट. मग साध्या वापरकर्त्यांचे प्रोग्राम 'परवानगी नाही' म्हणून अडून बसतात. म्हणून पूर्ण ओळ अशी हवी:

एमकेनोड -एम ६६६ /डेव्ह/नल सी १ ३

आज्ञा निवृत्त, सूचना कामावर

यूएसबी आल्यावर हाताने नोंदी करण्याची पद्धत मोडीत निघाली. यंत्रं दिवसातून दहा वेळा लागू-निघू लागली. जुन्या पद्धतीत असतील-नसतील त्या सगळ्या यंत्रांच्या फायली आधीच करून ठेवत, आणि शेकडो नोंदींतली कोणती खरी हे कळायला मार्ग नसे. रिचर्ड गूच यांच्या डेव्हएफएसनं फायली आपोआप बनवायचा पहिला मोठा प्रयत्न केला. २००३ पासून ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या यूडेव्हनं त्याची जागा घेतली, आणि २००६ च्या २.६.१८ आवृत्तीत डेव्हएफएस लिनक्समधून काढून टाकलं गेलं. २००९ अखेरीस आलेल्या २.६.३२ पासून गाभा स्वतःच यंत्र सापडताच फाईल उभी करतो. नावं आणि परवानग्यांचे बारकावे यूडेव्ह बघतं. क्रमांक कोणता हेही गाभा आता /सिस या फोल्डरमध्ये स्वतः लिहून ठेवतो. १९७९ च्या पानानं जे कोडमधून उकरायला लावलं होतं ते आज एक छोटी फाईल वाचून मिळतं.

फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेनं तर सरळ सांगून टाकलं. तिचं पान म्हणतं की ५.० आवृत्तीपासून ही आज्ञा अनावश्यक झाली आहे, आणि ६.० पासून साध्या फोल्डरमध्ये अशी फाईल बनवता आली तरी तिच्यातून यंत्रापर्यंत पोचता येणार नाही. माहितीपान असं असावं. काय चालतं, काय थांबलं, केव्हापासून, तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

इतरत्र जुन्या सूचना फिरतच राहिल्या. 'यंत्र दिसत नसेल तर एमकेनोडनं फाईल बनवा' हा सल्ला आजही लोक पाळतात. फाईल बनते, काम झाल्यासारखं वाटतं, पण आजच्या लिनक्समध्ये /डेव्ह मेमरीत असतं. संगणक बंद झाला की ती फाईल गेली. शिवाय यंत्र दिसत नव्हतं ते बहुधा ड्रायव्हर नव्हता म्हणून. फाईल नसणं हे त्याचं लक्षण होतं.

काट्याचं कोडंही इथंच सुटतं. लाईट गेली तेव्हा कन्व्हर्टर क्षणभर तुटला, पण प्रोग्रामनं 'टीटीवाययूएसबी०' उघडून धरलेली होती. तो क्रमांक अजून अडकलेला असल्यानं परत आलेल्या कन्व्हर्टरला गाभ्यानं पुढचा दिला: १८८, १. प्रोग्राम जुन्या नावाशी बसला, काटा नव्या नावानं हजर. क्रमांक जोडणीच्या क्रमानं मिळतो, यंत्राच्या ओळखीवरून नाही. यूडेव्ह मात्र /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी या फोल्डरमध्ये कन्व्हर्टरच्या कंपनी आणि अनुक्रमांकावरून एक न बदलणारं नाव ठेवतं. प्रोग्रामला ते द्यावं. आणि 'परवानगी नाही' असं आलं तर डेबियन-उबुंटूवर त्या वापरकर्त्याला डायलआउट गटात घालावं; परवानग्या सरसकट मोकळ्या करत बसू नये.

बसवून देणाऱ्यांना विनंती

दुकानांत, शाळांत, सेवा केंद्रांत यंत्रं बसवून देणारी मंडळी गावोगाव आहेत. त्यांचं काम चोख असतं, पण मागं कागद राहत नाही. गिऱ्हाइकाला मराठीत एक पान लिहून द्या. यंत्राचं न बदलणारं नाव कोणतं, ड्रायव्हर कोणता, वापरकर्ता कोणत्या गटात घातला, कोणता संदेश आला तर काय तपासायचं, आणि हे सगळं कोणत्या तारखेला, प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलं. आकडा लिहिलात तर तो कुठून घेतला तेही लिहा. पान छापून संगणकाच्या बाजूला चिकटवा; संगणकात ठेवलेलं पान संगणक अडल्यावर उघडत नाही.